वाळूवर गाडी शिकताना

दुबईहून हत्ताकडे जाणारा रस्ता अल मदामजवळ आला की दोन्ही बाजूंना लाल वाळूच्या टेकड्या दिसू लागतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध टेकडी ‘बिग रेड’. तिची उंची सुमारे १०० मीटर. वाळूतल्या लोहामुळे आलेला तिचा रंग सकाळच्या उन्हात आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडाची आठवण करून देतो. थंडीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते मार्च, सुट्टीच्या पहाटे इथे पिकअपवर बांधून आणलेल्या मोटारसायकली उतरवल्या जातात. शारजात नोकरी करणारे खेड-दापोलीकडचे आम्ही चौघे गेल्या थंडीत इथेच वाळूवर गाडी चालवायला शिकलो.

गाडी आम्हांला नवी नव्हती. भर पावसात कशेडी घाट चढलेले आम्ही. हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गाडी पळवलेलीही होती. पण ओहोटीची वाळू ओली, म्हणून घट्ट असते. वाळवंटातली वाळू कोरडी. तिचा कण कणाला धरून राहत नाही. रस्त्यावर भीती वाटली की आपण रेस सोडतो आणि ब्रेक दाबतो. वाळूत नेमके हेच नडते. वेग आहे तोवर चाक वाळूच्या वरून जाते. वेग मेला की पुढचे चाक रुतते, हँडल फिरते आणि माणूस समोर जाऊन पडतो.

आमचे उस्ताद मूळचे बलुचिस्तानचे, साठीला टेकलेले. फजर पढून आम्ही पोहोचलो, तर पहिला अर्धा तास त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. आधी टायरमधली हवा काढायला लावली. रस्त्यावर तीसच्या आसपास हवा ठेवतो, तिथे बारा-चौदा ठेवली. टायर पसरतो आणि गाडीचा भार जास्त जागेवर पडतो. “ऊंट का पैर देखो,” उस्ताद म्हणाले. उंटाचे पाऊलही असेच रुंद पसरते, म्हणून ते वाळूत बुडत नाही.

मग उभे राहायला शिकलो. सीटवर बसायचे नाही. फूटरेस्टवर उभे राहून गुडघ्यांनी टाकी धरायची, अंगाचा भार किंचित मागे, हात सैल, रेस एकसारखी. नजर चाकाखाली नाही, तर दूर पुढे. गाडी थोडी डुलतेच. तिला जोर लावून सरळ करायला गेले की ती आडवी होते. डुलू दिली की आपोआप सावरते. एवढे अंगात मुरायला आम्हांला तीन सुट्ट्या लागल्या.

त्यानंतर टेकडी वाचायची. ज्या बाजूने वारा येतो तो उतार सौम्य आणि दाबलेला असतो. पलीकडचा उतार भुसभुशीत, ३०-३५ अंशांपर्यंत तीव्र. सौम्य बाजूने वेग घेऊन चढायचे, माथा जवळ आला की रेस कमी करायची, माथ्याच्या कडेने वळून पलीकडे बघायचे आणि मगच उतरायचे. उतरताना गाडी सरळ ठेवायची, खालचा गिअर, पुढच्या ब्रेकला हात नाही. दुपारी ऊन डोक्यावर आले की सावल्या नाहीशा होतात आणि समोरचा खड्डाही सपाट दिसतो. म्हणून दहा वाजता गाड्या पिकअपवर.

माथ्याचा नियम किती मोलाचा, ते चौथ्या सुट्टीत कळले. उस्ताद नेहमी आमच्यापैकी एकाला लाल झेंडा देऊन माथ्यावर उभे करत. त्या दिवशी आमच्यातला सर्वांत लहान वर चढत होता. वरच्याने झेंडा आडवा केला, तो थांबला, आणि काही क्षणांत पलीकडून एक जीप माथा ओलांडून त्याच्या समोरून खाली गेली. बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या प्रत्येकाच्या पगारावर गावात एक घर चालते. कुणाच्या अब्बांची औषधे, कुणाच्या बहिणीची फी. इथे मोडणारे हाड एकट्याचे नसते.

कसलेल्यांनाही वाळू सोडत नाही. २०२० पासून डकार रॅली सौदी अरेबियात होते. २०२१ मध्ये बंगळुरूचे सी. एस. संतोष तिथे पडून गंभीर जखमी झाले. २०२४ मध्ये त्याच रॅलीत केरळच्या शोरनूरचा हॅरिथ नोआ ‘रॅली २’ गटात पहिला आला; डकारमध्ये गट जिंकणारा तो पहिला भारतीय. दोघेही वर्षानुवर्षे सराव केलेले.

या वाळवंटात आपण पाहुणे आहोत, हेही उस्तादांनी शिकवले. टेकड्यांमधल्या सखल जागी घाफची झाडे उभी असतात. हे अमिरातींचे राष्ट्रीय झाड. आपण त्यालाच शमी म्हणतो. खोल मुळांनी पाणी ओढून ते उन्हाळाभर हिरवे राहते. त्याच्या रोपांवरून चाक न्यायचे नाही. उंट चरत असतील तर लांबून वळसा घालायचा.

आता गावाकडची मुले मोबाइलवर टेकडीवरून उडणाऱ्या गाड्या पाहतात आणि “मामू, आम्हांलाही शिकवा” म्हणून फोन करतात. जरूर शिकवू. हेल्मेट घालणार, एकटे जाणार नाही, कुठे चाललो ते घरी सांगून निघणार, एवढे कबूल असेल तर. व्हिडिओत उडी दिसते, माथ्यावर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस दिसत नाही. म्हणून नोकरीसाठी नवा आलेला भाचा-पुतण्या आमच्याबरोबर वाळूवर आला की पहिल्या दिवशी त्याच्या हाती गाडी नाही, तो झेंडा देतो.