दुसऱ्या सालाचं हायब्रेट

‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या घरात मोटारीतून आला नाही. तो भाकरीतून आला. १९६४ साली संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला वाण निघाला आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत मराठवाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी हा इंग्रजी शब्द ‘हायब्रेट’ होऊन मुक्कामाला येऊन बसला. हायब्रेट म्हणजे बुटकी ताटे, भरगच्च कणसे, पोत्यांच्या थप्प्या, आणि ऐन काढणीत पाऊस झाला की काळी पडणारी ज्वारी. पोट भरते पण भाकरीला चव नाही, असा तिच्यावरचा जुन्या मंडळींचा निकाल होता. पुढे जे जे म्हणून झटपट वाढते आणि लवकर दमते ते सगळेच हायब्रेट झाले. आधी टमाटे झाले, मग कोंबड्या झाल्या आणि शेवटी आम्ही मुले झालो. ‘हायब्रेट पिढी’ ही शिवी मी तिसऱ्या इयत्तेपासून खात आलो आहे. तिलाही चव नाही, पण सवय झाली.

तेव्हा ‘मी हायब्रीड गाडी घ्यायची म्हणतोय, वापरलेली,’ असे मी घरात जाहीर केल्यावर आबांनी पानाला चुना लावता लावता जे विचारले ते अगदी रास्त होते.

‘‘लेकरा, हायब्रेटचं बी दुसऱ्या सालाला पेरीत नसतेत. आन् तू हायब्रेट गाडी दुसऱ्या हाताची घेणार?’’

वाचकहो, यावर उत्तर द्या. मी कॉमर्सचा पदवीधर; एकवीस वर्षे बँकेत कारकुनी केलेली. घसारा सरळ रेषेने काढावा की घटत्या शिलकीवर, यावर मी अर्धा तास बोलू शकतो. पण आबांचा मुद्दा शास्त्रशुद्ध होता. संकरित बियाण्याचा जोम पहिल्याच पिढीत. त्याच पिकातले बी राखून पुन्हा पेरले तर एक ताट उंच, एक बुटके, आणि उतारा घसरलेला. म्हणून तर दरसाल नवी पिशवी घ्यावी लागते. १९७० साली सुरतेहून निघालेल्या एच-४ या संकरित कपाशीनेही आमच्या शेतकऱ्यांना हेच शिकवले.

वास्तविक हायब्रीड या शब्दाने जिवतीच्या माणसाने दचकण्याचे कारण नाही. आमचा मुलूखच हायब्रीड आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडाच्या डोंगरावर, तेलंगणाला खेटून हे गाव. पूर्वी आम्ही राजुरा तालुक्यात होतो आणि तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मूळचे गोंड आणि कोलाम. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसे डोंगर चढून आली, ती इथलीच झाली. माझ्या काउंटरवर एका दुपारी मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू अशा पाच भाषांत पासबुक मागितले जाते आणि पाचही भाषांत ‘प्रिंटर बंद आहे’ हे मला सांगता येते. तालुक्यातली १४ गावे तर अशी की दोन्ही राज्यांनी ती वर्षानुवर्षे आपली म्हटली. तिथल्या माणसांनी दोन-दोन मतदार कार्डे बाळगली, दोन-दोन रेशनकार्डे बाळगली, दोन्ही विधानसभांना मतदान केले. एक सरकार दमले की दुसऱ्यावर चालायचे आणि चढ फारच असला तर दोन्ही एकदम जोडायची. हायब्रीड मोटारीचे तंत्र याहून वेगळे काय असते?

गाडी होती टोयोटाची हायरायडर. २०२२ च्या अखेरची, बेचाळीस हजार किलोमीटर चाललेली. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात एक साहेब होते, त्यांची बदली झाली आणि त्यांना ती विकायची होती. हिच्यात दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि जोडीला विजेची मोटर. बॅटरीला भिंतीतून वायर लावायची नाही. इंजिन तिला भरते आणि ब्रेक दाबला की चाकांची वाया जाणारी ताकदही परत तिच्यातच जमा होते. आमच्याकडे वाऱ्याची झुळूक आली की वीज जाते, त्यामुळे प्लगवर जगणारी गाडी मी पहिल्याच फेरीत बाद केली होती. कल्पना काही नवी नाही. फर्डिनांड पोर्शे या माणसाने १९०० च्या सुमारास पेट्रोल आणि वीज एका गाडीत नांदवून दाखवली होती. जपानने १९९७ मध्ये प्रियस काढली. आमच्या डोंगरावर ती यायला उशीर झाला इतकेच. पण आमच्याकडे उशिरा येणारी ती काही एकटी नाही.

मी वही काढली. तशीच साधी पेट्रोलवाली जुनी गाडी अडीच लाखांनी स्वस्त मिळत होती. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. हे दशांश चिन्हापुढचे आकडे मी ग्राहकाच्या उत्पन्नाच्या दाखल्यातही फार गांभीर्याने घेत नाही. घाटाचा रस्ता धरून मी २२ लिहिले. साध्या गाडीचे १५. वर्षाला आठ हजार किलोमीटर, पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये. बचत वर्षाला सतरा हजार. म्हणजे अडीच लाख वसूल व्हायला पावणेपंधरा वर्षे. माझे वय सेहेचाळीस. थोडक्यात, मी साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर सात-आठ महिन्यांनी ही गाडी फायद्यात येणार आणि नेमके तेव्हा मला रोज कुठे जायचेच नसणार.

मग मी सल्ले घेतले. बँकेत सल्ल्यावर व्याज पडत नाही, त्यामुळे ते मुबलक मिळतात. आमचे कॅशियर म्हणाले, ‘‘बॅटरी गेली तर?’’ मी म्हटले, आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी आहे, २०३० च्या अखेरपर्यंत काळजी नाही. ‘‘आणि नंतर?’’ नंतर बॅटरीचे आणि माझ्या गुडघ्यांचे एकदमच बघू. शाखाधिकारी म्हणाले, ‘‘नवी घ्या, २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी बदलल्यापासून नव्या उतरल्यात.’’ त्यांचे बरोबर होते. मात्र उतरून त्या ज्या पायरीवर थांबल्या होत्या तिथपर्यंत माझी शिडी पोचत नव्हती. शिपायाने दोन शब्दांत विषय मिटवला. ‘‘बोलेरो घ्या.’’ आमच्या डोंगरावर हे मत नसते, श्रद्धा असते.

सौ. वर्ध्याकडची. तिने हिशेबाची वही उलटी धरूनसुद्धा खालची बेरीज वाचली. ‘‘एवढ्या पैशात पोरीचं शिक्षण होते न् वरतून उरते. तुमाले कायले पाहिजे जी गाडी? बँक तर घरापासून सात मिनिटं.’’

सात नव्हे, साडेसहा. पण प्रश्न बँकेत जाण्याचा नव्हता, हे तिलाही ठाऊक होते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री अडीच वाजता आईच्या छातीत दुखायला लागले. रुग्णवाहिका दुसऱ्या एका बाईला घेऊन आधीच खाली गेली होती. मी दोन दारे ठोठावली. एकाची जीप गडचांदूरला होती, दुसऱ्याच्या जीपचे चाक काढलेले होते. पहाटे पहिली काळी-पिवळी निघेपर्यंत आई अंगणातल्या खाटेवर होती, आणि आबा तिच्या उशाशी वारा घालत होते. कुणाचीच चूक नव्हती. आम्ही चंद्रपूरला पोचलो, पण उशिरा पोचलो. आबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून रात्री रस्त्यावर एखादी गाडी वाजली की ते उठून दारात येतात, ती पुढे गेली की पुन्हा आडवे होतात.

या रकमेसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. बी.कॉम.ला तो शिकवीत नाहीत. जमा बाजूला लिहावी तर मिळाले काही नाही, नावे लिहावी तर कुणाच्या नावे? मी ती पाने तशीच ठेवली आणि रविवारी आबांना घेऊन गडचांदूरला गेलो.

आबांनी गाडी पाहिली ती बैलबाजारात पाहतात तशी. आधी लांबून एक प्रदक्षिणा. मग चारही टायर अंगठ्याने दाबले. मग दार उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिले. ‘‘दात किती?’’ त्यांनी मला विचारले. मी किलोमीटरचा आकडा सांगितला. ‘‘म्हंजी चार दाती. जुळली न्हाई आजून.’’ साहेबांनी मोठ्या आस्थेने मागल्या आसनापाशी एक जाळी दाखवली. बॅटरी डिकीच्या तळाशी असते, इथून ती हवा घेते, इथे पिशव्या ठेवू नका, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो. आबांनी मान डोलावली. ‘‘नाकपुड्या मोकळ्या पाहिजेत.’’

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा मी कागद काढला आणि आबांनी उपरणे काढले. साहेबांचा उजवा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी त्यावर उपरणे टाकले आणि आतून बोटे दाबायला सुरुवात केली. साहेब उत्तरेकडचे. बैलबाजारातली ही गुप्त बोली त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. हा काहीतरी आशीर्वादाचा प्रकार असावा असे समजून त्यांनी डोळे मिटले. कुणाला काय कळले देव जाणे, पण उपरणे निघाले तेव्हा वीस हजार उतरले होते. मी तिथल्या तिथे हिशेब केला. वसुली साडेतेरा वर्षांवर आली होती, म्हणजे नोकरीच्या आत. माझ्या एकवीस वर्षांच्या अनुभवाला जे जमले नाही ते दोन बोटांनी केले.

साहेब म्हणाले, घाटात चालवून बघा. आबा मागे बसले. मी बटण दाबले.

‘‘चालू कर की,’’ आबा म्हणाले.

‘‘चालू आहे.’’

‘‘आवाज?’’

‘‘आता बॅटरीवर आहे.’’

चढ लागला तसे इंजिन जागे झाले आणि आबांचा जीव भांड्यात पडला. न ओरडता काम करणाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही; हा सरकारी कचेऱ्यांतला अनुभव असावा. वर जाऊन वळलो. उताराला लागल्यावर समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या एकेक करून भरू लागल्या. आबा पुढे वाकून बघत राहिले.

‘‘हे काय वाढायलंय?’’

मी समजावून सांगितले. चढाला खाल्लेले सगळे नाही, पण त्यातले थोडेबहुत ती उताराला परत मिळवते.

‘‘आन् चढाला दोघं बी वढतेत?’’

‘‘दोघेही.’’

‘‘सपाटीला?’’

‘‘कधी हा, कधी तो. एक ओढतो तेव्हा दुसरा दम खातो.’’

आबा मागे टेकले. एक पूर्ण वळण ते गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मग हे बी न्हवं. ही जोडी हाय. बैलजोडी.’’

मी आरशात पाहिले. १९७३ साली, त्या वेळच्या उस्मानाबाद आणि आजच्या लातूर जिल्ह्यातून आबा आणि आई निघाले ते एका बैलगाडीने. अमेरिकेचा तांबडा मिलो खाऊन आणि खडी फोडून एक वर्ष काढले होते. जोडीतला एक बैल वाटेतच बसला. जवळच्या पैशांत कुठल्याशा बाजारात एक वापरलेला बैल मिळाला. तो उंचीला कमी, रंगाने वेगळा आणि हाकेला दुसऱ्याच भाषेत कान देणारा. त्या बेमेळ जोडीने हा डोंगर चढवला. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. मोटारीच्या संदर्भात ती आज पहिल्यांदाच आली.

‘‘बी नवं घ्यावं,’’ आबा म्हणाले, ‘‘पर बैल शिकलेलाच घ्यावा. नवा खोंड घाटात धोका देतंय.’’

इथे खरेदीचा निर्णय झाला. पुढची प्रक्रिया म्हणजे नमुना २९, नमुना ३० आणि साहेबांचे कर्ज फिटल्याचा नमुना ३५. हे सगळे मी इतक्या कसोशीने तपासले की साहेबांना आपणच गाडी विकत घेत आहोत असा भास झाला असावा. सौ.ने एक अट घातली. पोरीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही. नाही लावला. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाला लावला. तो माझ्या म्हातारपणासाठी होता आणि सध्या घरात म्हातारपण आबांचे चालू आहे.

वहीतला हिशेब मी खोडलेला नाही. साडेतेरा वर्षे तशीच आहेत, त्यातले आता काही महिने गेले. रकान्याची अडचणही तशीच आहे. पण रात्री रस्त्यावर गाडी वाजली तर आबा हल्ली उठत नाहीत. कूस बदलतात आणि झोपतात.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. ज्या खांद्यांनी वर्षभर जू वाहिले त्यांना हळद-तूप चोळतात आणि बैलांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. आमच्या दावणीला आता बैल नाहीत. आबा वाटी घेऊन गाडीभोवती दोन चकरा मारून आले.

‘‘हिचा खांदा कुठं रे?’’

मी बॉनेट उघडले. इंजिन दाखवले, शेजारची मोटर दाखवली, नारिंगी वायरींना अजिबात हात लावायचा नाही हे तीनदा सांगितले. आबांनी वायरी चुकवून, लोखंडाच्या कडेला, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे हळद-तूप लावले. जेवायला या म्हणाले. मग वाटीत उरलेले बोटाने निपटून घेतले, मागच्या दारापाशी गेले, ते उघडले, आणि आसनाच्या कडेला तेवढे एक बोट लावून दार हळूच लावून घेतले.