खडकाळ टेकडीवरचं घर
दुष्काळानं पिकं बुडाली, तेव्हा १७ जुलै १८९४ रोजी पुढे लेखिका झालेली लॉरा इंगल्स वाइल्डर, नवरा अल्मान्झो आणि सात वर्षांची मुलगी रोझ घोडागाडीनं दक्षिण डकोटाहून मिझुरीकडे निघाली. साठवलेली शंभर डॉलरची नोट लिहिण्याच्या पेटीत होती. वाटेतलं पीकपाणी, ऊन, नद्या लॉरा रोज टिपत होती.

३० ऑगस्टला मिझुरीतलं मॅन्सफिल्ड आलं.

पसंत पडलेली ४० एकर जमीन खडकाळ, झाडोऱ्याची. तिच्यावर बिनखिडक्यांची लाकडी खोपी. आणि व्यवहाराच्या ऐन वेळी ती नोटच सापडेना! काही दिवसांनी पेटीच्या फटीत मिळाली. अशा रानात उद्याचं घर दिसायला मोठी जिद्द लागते. ते टप्प्याटप्प्यानं वाढत १९१३ मध्ये पूर्ण झालं. लॉराची अखेरची वर्षं, १९५७ पर्यंत, तिथेच गेली. प्रवासाची रोजनिशी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली.