शब्द न कळलेली गाणी

झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी घरातील वृद्धांना दवाखान्यात आणले, की औषधाच्या चिठ्ठीबरोबर मी एक सल्ला हमखास देत असे : "संध्याकाळी घरात भजने लावत जा." शिंदखेड्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करताना हा सल्ला किती घरांना दिला, याची गणती नाही. तो सर्वांनाच मानवतो, असे मी गृहीत धरले होते. हे गृहीतक माझ्याच घरी चुकीचे ठरले.

दीड वर्षापूर्वी सासरे गेले. त्यानंतर एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई हळूहळू अबोल झाल्या. जेवण निम्म्यावर आले, ओट्यावर बसून शेजारणींशी होणाऱ्या गप्पा थांबल्या. रक्त तपासले, थायरॉईड पाहिले, बी-१२ जीवनसत्त्व पाहिले. वयाच्या मानाने सारे ठीक होते. धुळ्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून औषधाची लहान मात्रा सुरू केली. मी आपल्या परीने त्यांच्या उशाशी छोटा स्पीकर ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ भजने लावू लागले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे मौन हीच पसंती, असे मी समजले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी पुण्याहून आली. आपल्याकडचा मे महिना. उकाड्याने रात्री अंगणात खाटा टाकलेल्या. ती मोबाईलवर कुठलेसे कोरियन गाणे ऐकत होती. आजीला त्रास होईल म्हणून मी तिला रागावणार, एवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे. बेस शे." कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून काढलेले ते पहिले वाक्य होते.

कोरिया म्हटले की माझ्या पिढीला १९८८ चे सेऊल ऑलिंपिक आठवते. फार तर २०१२ साली लग्नाच्या वरातींतही पोहोचलेले 'गंगनम स्टाईल'. भडक कपडे आणि दणदणाट, एवढीच माझी कल्पना होती. त्या रात्रीचे गाणे मात्र संथ आणि प्रसन्न होते. मुलीने माहिती दिली : गाण्याच्या नावाचा अर्थ 'तुझा अर्थ'. ते मूळचे 'सानुल्लिम' या बँडचे, १९८४ सालचे. पुढे २०१४ मध्ये आयू या एकविशीच्या गायिकेने ते पुन्हा गायले आणि मूळ बँडचे किम चांग-वान यांनी, वयाच्या साठीत, तिच्यासोबत आपला आवाज दिला. जुनी गाणी निवडून आयूने असा एक संपूर्ण संग्रह केला आहे. आजीच्या खाटेवर बसून नात हे सांगत होती आणि आजी ऐकत होती.

त्यानंतर रोज रात्री दोघींची मैफल जमू लागली. 'बीटीएस'चे २०२० मधील 'डायनामाइट'ही झाले. त्याचा ठेका मिनिटाला ११४ ठोक्यांचा. सासूबाईंच्या चालीला तो झेपणारा नव्हे. पण त्या बसल्या जागी बोटांनी ताल धरू लागल्या. ते पाहून मला आठवले, श्रावणात कानबाई बसली की रात्रभर चालणाऱ्या गाण्यांत गल्लीतील बायकांमध्ये त्यांचाच आवाज पुढे असे. भक्ती होतीच, पण त्यांना खरी ओढ होती ती ठेक्याची आणि सोबतीची. उशाशी एकट्याने वाजणाऱ्या स्पीकरमध्ये सोबत नव्हती.

मुलीने एकदा सहज विचारले, "आजी, भजनं आवडत नाहीत का?" त्या म्हणाल्या, आवडतात, पण सकाळ-संध्याकाळ तेच लावलेले ऐकून वाटायचे, आता माझ्या जाण्याचीच तयारी चालली आहे. मी दाराआड उभी होते. पुढे जाऊन काही बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

परक्या भाषेतील गाणे त्यांना का भावले असावे? वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. 'स', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. परिचित भाषेत ते पकडण्याच्या प्रयत्नाने मेंदू थकतो. कोरियन शब्द तर आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हते. तिथे सासूबाई मागे पडत नव्हत्या, आम्ही सारे एकाच पायरीवर होतो. हे माझे घरगुती निरीक्षण आहे, संशोधन नव्हे. सुधारणेत औषधाचा वाटा आहेच. सारे श्रेय गाण्यांना देणे अप्रामाणिकपणा ठरेल.

काळजी घेणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गाणे लावून निघून जाऊ नका. दहा मिनिटे का होईना, शेजारी बसा. आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो जास्त आहे असे समजावे. गाण्याने चिडचिड झाली, तर लगेच बंद करावे. आणि उदासी, भूक मंदावणे, अबोलपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

आता दवाखान्यात मी भजनांचा सल्ला सरसकट देत नाही. आधी रुग्णालाच विचारते, "तुम्हाला काय ऐकायला आवडतं?" पुष्कळदा उत्तर सोबत आलेला मुलगा किंवा सून देऊ लागते. मी त्यांना थांबवते आणि वाट पाहते. उत्तर यायला वेळ लागतो, कारण हा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेला नसतो.

सुट्टी संपली, मुलगी पुण्याला परतली. दर रविवारी तिचा फोन येतो. सासूबाई आधी तिच्या जेवणाची चौकशी करतात आणि मग विचारतात, या आठवड्यात नवीन गाणे कोणते?