डिंगोऱ्याची पडवी आणि शिवलेला टायर

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात येतो, तेव्हा पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. खुबी फाटा आणि मढ मागे टाकून ओतूरकडे निघालं की वाटेत डिंगोरे लागतं. ते माझं माहेर. घाटाजवळ भातखाचरं, तर थोडं पूर्वेला सरकलं की कांदा, टोमॅटो आणि ऊस. श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी पाहायला माणसं लोटतात. पाऊस लागला की माळशेजचे धबधबे पाहायला मुंबईकरांची रीघ लागते.

या खेपेला माहेरी गेले, तर पडवीच्या वाशाला सायकलचं चाक टांगलेलं आणि भाचा ब्रशनं रिमला सोल्युशन लावत बसलेला. ‘‘आत्या, हात नको गं लावूस, ओलं आहे!’’ आतून वहिनी म्हणाली, ‘‘बघा ना वन्सं, दोन दिवस पडवी अडवून ठेवलीय!’’

मैत्रिणींनो, आपल्या घरच्या सायकलचा टायर वेगळा, ट्यूब वेगळी. टायरच्या कडा रिमच्या खाचेत अडकतात. शर्यतीच्या जुन्या पद्धतीच्या टायरचं तसं नाही. ट्यूब आत घालून तो खालून चक्क शिवलेला असतो, शिवणीवर कापडी पट्टी असते, आणि तो रिमवर नुसता चिकटवतात. याला म्हणतात ट्यूब्युलर. वजनाला हलका, आणि पंक्चर झाला तरी चटकन रिम सोडत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात ना, तसल्या शर्यतींसाठीचे हे टायर. आता ट्यूबलेसचा जमाना आला, म्हणून पुण्याच्या एका जुन्या सायकलपटूकडून भाच्याला ही चाकं स्वस्तात मिळाली.

सायकलच्या हवेच्या टायरचा जन्मही असाच घरगुती. १८८८ साली बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो केला.

आता चिकटवण्याची रीत. नवा टायर आधी कोरड्या रिमवर चढवून, हवा भरून, एक-दोन दिवस तसाच ठेवायचा, म्हणजे तो ताणला जातो. मग काढून रिम स्वच्छ पुसायची, तेलाचा अंशही नको. रिमला आणि टायरच्या पट्टीला सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात, पुन्हा वाळवण. शेवटचा हात फक्त रिमला. तो चिकटसर झाला की चाक जमिनीवर उभं धरायचं, व्हॉल्व्हचं भोक वर. टायरमध्ये आकार येण्यापुरती हवा ठेवून व्हॉल्व्ह आत घालायचा आणि दोन्ही हातांनी टायर खाली ओढत ओढत बसवत यायचं. शेवटची वीतभर जागा अंगठ्यांनी उचलून चढवावी लागते, तिथे खरा घाम निघतो! मग चाक फिरवून पाहायचं. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. पूर्ण हवा भरून चोवीस तास हात लावायचा नाही.

एवढा सोपस्कार कशाला, असं मलाही वाटलं. पण घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की रिम तापते आणि चिकटवण मऊ होतं. ते कच्चं असेल तर वळणावर टायर निसटतो. २००३च्या फ्रान्सच्या शर्यतीत गॅप गावाजवळच्या उतारावर उन्हानं डांबर वितळलं होतं. बेलोकी या स्पॅनिश सायकलपटूचं मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून निघाला आणि तो कोसळला. मांडी, कोपर, मनगट, तिन्ही मोडलं.

हे कळल्यापासून वहिनीनं घरात एक नेम घातलाय. घाटाकडे निघण्यापूर्वी हवा काढून टायर अंगठ्यानं बाजूला ढकलून पाहायचा, चाकाभोवती सगळीकडे. गेल्या महिन्यात एके ठिकाणी पट्टी जराशी उचलली. बरोबरची मुलं माळशेजला निघालेली, हा हट्टाला पेटलेला. वहिनीनं सायकल माजघरात नेऊन ठेवली. ‘‘तुझे मित्र परत येतील तेव्हा चहा करीन, पण तू जायचं नाहीस.’’ दोन दिवस अबोला होता. मग तो मुकाट्यानं सोल्युशन घेऊन बसला.

पुढची निगा सोपी आहे. दर वेळी निघण्याआधी हवा तपासायची. परत आल्यावर ओल्या फडक्यानं टायर पुसायचा, म्हणजे रुतलेला बाभळीचा काटा आत शिरण्याआधी सापडतो. चाक उन्हात ठेवायचं नाही. जादा टायर घडी करून सीटखाली बांधायचा, पण त्यालाही आधी सोल्युशन लावून वाळवलेलं हवं. वाटेत बदललाच, तर वळणं सांभाळत हळूच घर गाठायचं. आणि बिबट्याचा तालुका हा, तेव्हा उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही!

पंक्चर काढायचं तर मात्र आपलंच काम. पाण्यात बुडबुडे कधी कधी व्हॉल्व्हपाशी येतात आणि भोक असतं भलतीकडेच, म्हणून जागा नीट हुडकायची. तिथली पट्टी सोडवायची, शिवणीवर पेन्सिलीनं आडव्या खुणा करायच्या आणि मगच टाके उसवायचे. ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावायचं, वर पावडर भुरभुरायची. मग खुणा जुळवून, जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं शिवायचं. सुई ट्यूबला लागू द्यायची नाही. शेवटी पट्टी चिकटवायची. वहिनीचे टाके असे सारखे पडतात, की भाचा आता दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

पट्टीखाली गेल्यावर ते टाके कुणाला दिसत नाहीत, सोल्युशनही दिसत नाही. पण माळशेजच्या वळणावर पोराचा सगळा भार त्यांच्यावरच असतो. तुमच्या घरातल्या मुलानं अशी चाकं आणलीच, तर पडवी दोन दिवस अडली म्हणून रागावू नका. वाळू द्या.