मुक्ता, फॉर्मच्या आधी लाइनवर जा

प्रिय मुक्ता,

शेंद्र्याच्या तुझ्या कंपनीत ट्रेनिंग विभाग आता तू बघणार, हे ताईकडून कळलं. मनापासून आनंद झाला. लवकरच तुझ्याकडे टीएनआयचे, म्हणजे प्रशिक्षणाची गरज ओळखण्याचे, फॉर्म येऊ लागतील. सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत बसून प्रत्येक नावापुढे 'फाइव्ह एस', 'सेफ्टी', 'कम्युनिकेशन' यांवर टिक करून देतील, आणि त्यावरून वर्षाचं कॅलेंडर बनेल. बाळा, त्या फॉर्मवर विसंबू नकोस. माणसाला काय शिकवायचं, हे तो काम करतो तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

वाळूजच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगला ५० मिलिमीटरचं बोअर होतं. मशीनवर मोजलं की मापात, आणि फायनल इन्स्पेक्शनला गेलं की अंडरसाइज. ऑपरेटरांना बोअर गेज वापरता येत नाही, असं ठरलं. वर्ग झाले, परीक्षा झाली, सगळे पास झाले. रिजेक्शन मात्र हललं नाही.

मग मी रात्रपाळीला लाइनवर थांबलो. एप्रिलचे दिवस. मशीनमधून निघालेला जॉब हाताला गरम लागायचा आणि तसाच मोजला जायचा. गेज मात्र वीस अंशांच्या एसी खोलीत, मास्टर रिंगवर सेट करून आणलेलं. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. वीस अंशांचा फरक असेल तर ५० मिलिमीटरच्या बोअरला २३ मायक्रॉन इथेच गेले! गंगापूरकडून येणाऱ्या जुन्या ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, "गार होऊ द्यायचं माहितंय साहेब. पण ठेवायचं कुठं? ट्रॉल्या पॅकिंगवाले घेऊन जातात."

त्याला गेज उत्तम येत होतं. कमतरता ट्रॉलीची होती. त्याच्या शेजारच्या नव्या ट्रेनीला मात्र जॉब गार का करायचा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याची गरज खरी होती, आणि ती मशीनपाशी पंधरा मिनिटांत भागली. पहिल्याला पुन्हा वर्गात बसवणं हा त्याच्या अनुभवाचा अपमान होता, असं मला आजही वाटतं.

मॅकगी आणि थेअर या प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९६१ मध्येच सांगून ठेवलंय की गरज तीन ठिकाणी शोधायची: संस्थेत, कामात आणि माणसात. आपण एकदम माणसापासून सुरुवात करतो आणि दोषही त्याच्याच माथी मारतो. कर्कपॅट्रिकने त्याआधी, १९५९ मध्ये, प्रशिक्षणाचं फळ चार पायऱ्यांवर तपासायला सांगितलं: वर्ग आवडला का, समजलं का, कामात उतरलं का, कंपनीला उपयोग झाला का. आपल्याकडे फीडबॅक फॉर्म भरला की पहिल्या पायरीवरच फाइल बंद होते.

स्किल मॅट्रिक्सकडे, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं त्या तक्त्याकडे, नीट बघ. चारही पाव भरलेलं वर्तुळ म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवलेलं असं वर्तुळ दिसलं, तर त्या माणसाला नव्या मुलाला शिकवायला सांग आणि बाजूला उभी राहून पाहा. आणखी एक, कंत्राटी कामगारांची नावं त्या तक्त्यात आहेत का, हे आधी तपास. बऱ्याच ठिकाणी नसतात, आणि धोक्याचं काम पुष्कळदा त्यांच्याच हातात असतं.

कुणाला काय शिकवायचं, हा प्रश्न आपल्या शहरात आता मोठा होणार आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हा पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्यांची मुलं मशीनवर उभी राहिली. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनला विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. विजेवरच्या गाड्यांच्या कामात हाय व्होल्टेजपाशी हात घालण्याआधी सप्लाय तोडणं, लॉक लावणं, व्होल्टेज उरलेलं नाही हे मीटरने तपासणं हे अंगवळणी पडावं लागतं. इंजिनावर वीस वर्षं घालवलेल्या कारागिराला यातलं काय येतं आणि काय नाही, हे आजच विचारायला हवं. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये एकदा जाऊन ये; हाताने करून शिकवणं कसं असतं ते तिथे दिसेल.

विचारताना 'तुम्हाला काय येत नाही' असं विचारू नकोस. नोकरी जाईल या भीतीने कुणी खरं सांगणार नाही. 'काम कुठे अडतं' असं विचार, मराठीत विचार, आणि रात्रपाळी संपवून बसची वाट बघणाऱ्याला वर्गात कोंबू नकोस. पहिला आठवडा दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीला जा. रिजेक्शनचं रजिस्टर सोबत ठेव, आणि काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
मामा