न आलेली तक्रार

जुळे सोलापुरात रस्ता खणला की जेसीबीचा दात आमच्या फायबरला हमखास लागतो. दोन-तीन कॉलन्यांचं नेट जातं, फोन खणखणू लागतात आणि जोडणारा माणूस निघतो. असे बिघाड परवडले. धास्ती वाटते ती ज्याची तक्रारच येत नाही त्या बिघाडाची.

असा बिघाड इंटरनेट पत्त्यांच्या दोन पद्धतींच्या सांध्यात लपतो: जुनी आयपी व्ही-फोर, नवी व्ही-सिक्स. व्ही-फोर पत्ते सगळे मिळून 429 कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्ये संपला, म्हणून आम्ही अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. व्ही-सिक्सला ही टंचाई नाही. 2016 मध्ये जिओ आलं तेच व्ही-सिक्स घेऊन, त्यामुळे या बाबतीत भारत बऱ्याच देशांच्या पुढे आहे. तरी जुनं सुटलेलं नाही. एकाच फायबरवर दोन्ही चालतात, पण दोघांचे मार्ग राउटरमध्ये वेगवेगळे लिहिलेले असतात.

मोबाइल आधी व्ही-सिक्सने जोडणी मागतो. साधारण पाव सेकंदात उत्तर आलं नाही, तर व्ही-फोरनेही मागतो. ग्राहकाची सोय होते, आमच्या डोळ्यांवर मात्र पट्टी बसते.

समजा, मुख्य लाइन तुटली. बदली लाइनवर व्ही-फोर गेलं, पण तिथे व्ही-सिक्सचा मार्ग कुणी लिहिलेलाच नाही. नेट चालूच! सगळा भार मुकाट्याने व्ही-फोरवर येतो. एका सार्वजनिक पत्त्यामागे पोर्ट, म्हणजे जोडण्यांचे क्रमांक, असतात पासष्ट हजारांच्या आसपास, आणि एकेक ॲप डझनावारी खातं. संध्याकाळी घरोघरी टीव्ही लागले की पोर्ट संपतात आणि भलत्याच कुणाचं बँकेचं ॲप अडकतं. दोष बँकेला!

याहून चिवट प्रकार डेटाच्या मोठ्या पाकिटांचा. वाटेत कुठे 1500 ऐवजी 1492 बाइटांचीच जागा असते. व्ही-सिक्समध्ये मधला राउटर पाकीट फोडत नाही, ‘मोठं आहे’ एवढा निरोप उलट धाडतो. कुणी अतिउत्साहाने फायरवॉलमध्ये तो निरोपच अडवला की संपलं. जोडणीची पाकिटं लहान, ती आरामात जातात, म्हणून मोबाइल व्ही-फोरकडे वळतही नाही. पिंगचं चाचणीचं छोटं पाकीट जातं, लग्नाचे फोटो जात नाहीत.

यावर पाहणी करून भागत नाही, मुद्दाम मोडावं लागतं. 8 जून 2011 ला गूगल, फेसबुक, याहू यांनी जगासमोर 24 तास व्ही-सिक्स चालू ठेवलं, ती चाचणीच होती. आम्ही उलटं करतो. मध्यरात्रीनंतर मुख्य लाइन काढायची, बदली लाइनवर मोठी पाकिटं धाडायची आणि पोर्ट मोजायचे. मग चाचणीच्या जोडणीवर व्ही-फोर पूर्ण बंद. जुने सीसीटीव्ही रेकॉर्डर तिथेच गप्प होतात. त्यांच्यासाठी व्ही-फोर अजून काही वर्षं पोसावंच लागणार.

संक्रांतीला सोलापूरची गड्डा यात्रा. तेव्हा मुख्य लाइनला कुणी हात लावू देणार नाही, म्हणून पुढची मोडतोड डिसेंबरातच.