अक्षर मोठं केलं की

ई-बुक उघडलं की मी गोष्टीआधी सेटिंगमध्ये जातो. फॉन्ट, समास, ओळींमधलं अंतर, आणि सगळ्यात पहिलं म्हणजे जस्टिफाय बंद. इंग्रजीत ते खपून जातं, कारण ओळीच्या टोकाला हायफन टाकून शब्द तोडता येतो. मराठी शब्द कुठे तोडायचा हे बऱ्याच अ‍ॅप्सना कळत नाही, आणि आपण तर प्रत्ययावर प्रत्यय जोडून ‘स्वयंपाकघरासमोरच्या’ असं बिनधास्त लिहितो. फोनच्या अरुंद स्क्रीनवर असा एक शब्द खाली ढकलला गेला, की वर उरलेल्या तीन शब्दांमधून एसटी जाईल एवढी जागा पडते.

ओळींमधल्या अंतराचंही तेच. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. अंतर १.२ ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. मी १.६ ठेवतो. रात्री १.७. हसा खुशाल.

हे माझे चोचलेच होते, बाबांची नजर अधू होईपर्यंत. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झाला आणि त्यांचं छापील पुस्तक सुटलं. मी टॅब दिला. स्कॅन केलेली पीडीएफ त्यांना जमेना. ती म्हणजे पानाचा फोटो. बोटांनी मोठा केला की प्रत्येक ओळ वाचायला पान डावीउजवीकडे सरकवायचं, आणि परत येताना पुढची ओळ हरवायची. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की मजकूर स्क्रीनच्या रुंदीत नव्याने मांडला जातो. पानावर जेमतेम पंधरा शब्द मावू लागले, पण पहिली कादंबरी त्यांनी नऊ दिवसांत संपवली.

मग तक्रार आली. “हा ल आपला नाही रे.”

खरंच नव्हता. उभ्या दांड्याचा, हिंदी वळणाचा ल होता. युनिकोडमध्ये ल एकच आहे. त्याचं रूप फॉन्ट ठरवतो, आणि दोन्ही रूपं असलेला फॉन्ट मजकुराची भाषा बघून ठरवतो. ईपब म्हणजे मुळात वेबपानांची झिप फाइल. मी ती उघडली, तर मराठी कादंबरीची भाषा ‘एचआय’ अशी नोंदवलेली! तिथे ‘एमआर’ केलं, मराठी रूपं असलेला फॉन्ट निवडला, आणि दोन पाकळ्यांचा ल आला. शेंडीफोड्या श पण आला. बाबा म्हणाले, “हं.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच.

कवितेपुढे मात्र माझं इंजिनीअरिंग थकलं. त्यांच्या आकारात कवितेची एक ओळ तीन ओळींत तुटते. कवीने कुठे थांबवलं आणि स्क्रीनने कुठे, हे कळत नाही. तुटलेला भाग आत सरकवून पाहिला, तर आधीच कमी असलेली रुंदी आणखी गेली. अक्षर लहान केलं तर ओळ शाबूत राहते, पण दिसत नाही.

म्हणून कवितासंग्रह पुण्यात माझ्याकडे आहेत, छापील. रविवारी फोनवर मी वाचतो, ओळ संपली की थांबतो. तरी बाबा मध्येच विचारतात, “पुढची ओळ आत सरकवून छापली आहे का?”